अर्जावरचा प्रश्न, बसमधलं गाणं

मिसिसिपी राज्यात 1962 साली मतदार म्हणून नाव नोंदवायचं, तर काउंटीच्या कचेरीत जाऊन एक छापील अर्ज भरावा लागे. नाव, वय, पत्ता, काय काम करता, कोणाकडे करता, हे रकाने आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी अर्जासारखेच. थोडं खाली आलं की तो अर्ज वेगळा होतो. राज्यघटनेचं एक कलम जसंच्या तसं उतरवून काढा. आता त्याचा अर्थ लिहा. आता घटनेनुसार चालणाऱ्या राज्यात नागरिकाची कर्तव्यं कोणती, ते तुम्हाला समजलं तसं लिहा. मिसिसिपीच्या घटनेत 285 कलमं. त्यांतलं कुठलं द्यायचं हे समोर बसलेला अधिकारी ठरवणार, आणि लिहिलेला अर्थ बरोबर की चूक हेही तोच ठरवणार.

अर्जावर 'काळ्यांना मनाई' असं कुठेही छापलेलं नाही. मनाई होती ती त्या कोऱ्या ओळींमध्ये. गोऱ्या माणसाला एका वाक्याचं कलम द्यायचं आणि काळ्या माणसाला वकिलालाही अडखळायला लावणारं. 'कोणाकडे काम करता' हा रकानाही दिसतो तितका साधा नव्हता. मळ्यावर राबणाऱ्या माणसाने तिथे मालकाचं नाव लिहिलं की तो घरी पोचण्याआधी बातमी मालकाकडे पोचायची. शिवाय अर्जदारांची नावं दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापायची, असा कायदा राज्याने त्याच वर्षी केला होता.

31 ऑगस्ट 1962 रोजी रूलव्हिल गावातले अठरा जण एका जुन्या बसमध्ये बसून 26 मैलांवरच्या इंडियनोला या काउंटीच्या ठिकाणी गेले. त्यांत फॅनी लू हेमर होत्या. वय 44. वीस भावंडांत शेवटच्या. सहाव्या वर्षापासून कापूस वेचलेल्या. आता मळ्यावर मजुरांच्या वेळेची नोंद ठेवणाऱ्या. आपल्यालाही मत देण्याचा हक्क आहे, हे त्यांना त्याच महिन्यात चर्चमधल्या एका सभेत कळलं होतं. त्यांच्या वाट्याला सोळावं कलम आलं. त्यांनी ते उतरवून काढलं. अर्थ लिहिता आला नाही.

परतताना पोलिसांनी बस अडवली. गुन्हा काय, तर बसचा रंग चुकीचा आहे. ती शाळेच्या बससारखी फार पिवळी आहे. ड्रायव्हरला दंड झाला. बसमधल्या लोकांनी आपापसांत पैसे गोळा करून तो भरला. आता सगळ्यांनाच तुरुंगात टाकतात की काय, अशी भीती बसमध्ये पसरली होती, तेव्हा एक आवाज चर्चमधली भजनं म्हणू लागला आणि बाकीच्यांनी ती उचलली. तो आवाज हेमरबाईंचा होता. त्याच संध्याकाळी मळ्याच्या मालकाने त्यांना बजावलं की अर्ज मागे घ्या, नाहीतर निघा. अठरा वर्षं जिथे राबल्या ते घर त्यांनी त्या रात्री सोडलं. काही दिवसांनी चळवळीतल्या बॉब मोझेस यांनी आपल्या सहकाऱ्याला त्यांच्या शोधात पाठवलं. शोधायची खूण एवढीच होती की बसमध्ये भजनं म्हणणारी ती बाई.

या एका दिवसाचे कागद घेऊन बसलं तर अर्ज मिळतो, कलम मिळतं, कायदा मिळतो. भीती कशी होती आणि ती कशी ओसरली, हे कागदांत मिळत नाही. ते गाण्यात आहे. आणि नुसतं गाणं ऐकलं तर एक दमदार, धीराचा आवाज ऐकू येतो. पण तो आवाज कोणत्या कोऱ्या ओळींशी झगडत होता हे कळत नाही. अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचा अभ्यास करताना कागद आणि गाणं एकाच टेबलावर ठेवावं लागतं, असं माझं ठाम मत झालं आहे ते यामुळे. इतिहासकार राजवाड्यांपासून आपल्याला शिकवण मिळाली ती अस्सल कागदावर भरवसा ठेवण्याची. बखर आणि पोवाडा जपून वापरायचे. ती शिकवण मोलाची आहे. पण ज्या समाजाला कागद लिहिण्याची जागाच ठेवली नव्हती, त्याचा इतिहास तिच्यात पुरा मावत नाही.

कागदाची ताकद पाहायची असेल, तर अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीला जाऊ. 1 डिसेंबर 1955 रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्या प्रसंगाचे मूळ कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय पुरालेखागारात आहेत: पोलिसांचा अहवाल, बोटांचे ठसे घेतलेलं कार्ड, आणि पुढे न्यायालयात दाखल झालेला बसचा एक आराखडा. अहवालात नोंद आहे की एक काळी बाई गोऱ्यांच्या भागात बसली आहे आणि मागे सरकत नाही, असं ड्रायव्हरने सांगितलं. आता तो आराखडा घ्या आणि आसनं मोजा. पुढची दहा आसनं गोऱ्यांसाठी राखीव होती. पार्क्स त्यांच्या मागच्या ओळीत बसल्या होत्या. म्हणजे ज्या जागेवरून त्यांना उठवलं, ती राखीव नव्हतीच. गोऱ्या प्रवाशाला उभं राहावं लागू नये म्हणून रेषा मागे सरकवली जात होती. एका सरकारी कागदातलं विधान दुसऱ्या कागदाने असं उघडं पडतं. मला हा आराखडा कितीही वेळा पाहिला तरी पुन्हा पाहावासा वाटतो.

त्याच शहरातलं एक पत्रही आहे, 21 मे 1954 चं. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊन चारच दिवस झाले होते. अलाबामा स्टेट कॉलेजमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी महिलांच्या राजकीय परिषदेच्या वतीने महापौरांना लिहिलं की बसने जाणाऱ्यांत तीन चतुर्थांश लोक काळे आहेत, त्यांना नीट वागवलं नाही तर बसवर बहिष्कार घालण्याची भाषा शहरात चालू आहे. पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधीचं हे पत्र. 'दमलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने अचानक नकार दिला आणि चळवळ पेटली' ही लाडकी गोष्ट या एका पानापुढे टिकत नाही. मार्च 1955 मध्ये क्लॉडेट कोल्व्हिन या पंधरा वर्षांच्या मुलीलाही याच कारणासाठी अटक झाली होती. तयारी होती, राग होता, आणि पत्रव्यवहारही होता. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री रॉबिन्सनबाईंनी कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर बहिष्काराची हजारो पत्रकं रात्रभर काढली. एका कागदावर तीन पत्रकं बसवून ती कापली. 381 दिवस काळे लोक पायी गेले, किंवा एकमेकांच्या मोटारींतून.

सत्तेचा कागद आणि चळवळीचा कागद यांत हा फरक ध्यानात ठेवायला हवा. पहिल्याला सही, शिक्का आणि कपाट असतं. दुसरा सायक्लोस्टाइलवर काढलेला, खिशात घडी झालेला, बहुतेक वेळा फेकून दिलेला असतो. मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून एप्रिल 1963 मध्ये आठ गोऱ्या धर्मगुरूंना लिहिलेलं उत्तर आज अभ्यासक्रमांत लावलं जातं. पण त्याची सुरुवात वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत झाली, कारण कोठडीत कागद नव्हता. भेटीला आलेल्या वकिलांनी ते तुकडे बाहेर नेले आणि बाहेर टंकलेखन झालं. किंग यांना काहीतरी सांगायचं होतं हे त्या पत्रातल्या युक्तिवादावरून कळतंच. पण ते किती निकडीचं होतं, हे त्या कडेच्या जागेवरून कळतं.

आता गाण्याकडे. ही गाणी बव्हंशी नव्याने रचलेली नव्हती. चर्चमधली भजनं, गुलामगिरीच्या काळापासून तोंडोतोंडी आलेली पदं, तुरुंगातली आणि शेतातली गाणी, यांतला एखादा शब्द बदलायचा, की गाणं नवं. सभेत एकाने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती धरायची. आपल्याकडे कीर्तनात बुवा चरण म्हणतात आणि टाळकरी ध्रुपद धरतात, तशीच ही रीत. गाणारा आणि ऐकणारा असे दोन गट तिथे राहतच नाहीत.

जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी शहरात 1961 च्या शेवटी मोर्चे सुरू झाले आणि शेकड्यांनी अटका झाल्या. बर्निस जॉन्सन तिथल्या कॉलेजात शिकत होत्या. पुढे बर्निस जॉन्सन रेगन म्हणून त्या या संगीताच्या सर्वांत मोठ्या अभ्यासक झाल्या. मोर्चानंतर चर्चमध्ये त्यांना गायला सांगितलं. त्यांनी लहानपणापासून पाठ असलेलं एक भजन सुरू केलं. त्यात डोक्यावर हवेत संकट दिसतं, अशा अर्थाचा शब्द येतो. तो तोंडात आला आणि त्यांना जाणवलं की इथे तर संकट दिसत नाही. त्यांनी त्या जागी 'स्वातंत्र्य' हा शब्द टाकला. आपला स्वतःचा आवाज आपण त्या दिवशी पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला, असं त्या नंतर सांगत असत. कॉलेजने त्यांना काढून टाकलं. 1962 मध्ये कॉर्डेल रेगन, रूथा मे हॅरिस आणि चार्ल्स नेब्लेट यांच्यासह त्या 'फ्रीडम सिंगर्स' या चौघांच्या गटात गेल्या. दक्षिणेत काय चाललं आहे हे सांगत आणि चळवळीसाठी पैसा उभा करत हा गट देशभर फिरला.

ऑल्बनीतले पोलीस प्रमुख लॉरी प्रिचेट यांनी अहिंसक चळवळीचा अभ्यास करून कॅमेऱ्यासमोर मारहाण टाळली आणि माणसं शांतपणे तुरुंगात भरली. किंग यांना तिथून हाती फारसं काही न लागता परतावं लागलं, आणि वर्तमानपत्रांनी ऑल्बनीला पराभव म्हटलं. कागद पाहिले तर ते खरंच आहे. पण त्याच महिन्यांत तिथे गाण्यांत प्रिचेट यांचं नाव घालून, तुमच्यामुळे आम्ही मागे फिरणार नाही, अशी कडवी जोडली जात होती. ती गाणी पुढच्या प्रत्येक शहरात गेली आणि कडव्यातलं नाव त्या त्या ठिकाणी बदललं. म्हणून एखाद्या ध्वनिमुद्रणात कोणाचं नाव येतं हे कान देऊन ऐकावं. प्रिचेट असेल तर ते ऑल्बनीचं. अलाबामाचे गव्हर्नर वॉलेस असतील तर अलाबामातलं. शिलालेखावर राजाचं नाव पाहून काळ ठरवावा तसा कडव्यावरून ठावठिकाणा लागतो. ऑल्बनीतून काय निघालं याचा हिशेब कागदाला चुकला आणि गाण्याने नीट मांडला, असं मी म्हणेन.

गाण्याची धास्ती सत्तेलाही होती. 1961 मध्ये आंतरराज्य बसमधून वर्णभेद मोडायला निघालेल्या शेकडो 'फ्रीडम रायडर्स'ना मिसिसिपीत अटक झाली आणि त्यांतल्या पुष्कळांना पार्चमनच्या तुरुंगात टाकलं. ते गात राहिले. गाणं थांबवा नाहीतर गाद्या काढून घेऊ, अशी धमकी मिळाली. ते गातच राहिले, गाद्या गेल्या, आणि ते लोखंडावर झोपले. गाण्याला शिक्षा ठरवावी लागली, यावरून त्याचं वजन कळावं.

जगभर गेलेलं गाणं म्हणजे 'वी शॅल ओव्हरकम'. त्याचं हिंदी रूप 'हम होंगे कामयाब' गिरिजाकुमार माथुर यांचं. महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी ते शाळेच्या पटांगणावर रांगेत उभं राहून म्हटलं असेल! मीही म्हटलं आहे, त्यामागे काय आहे हे ठाऊक नसताना. त्यामागे दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरातला सिगार कारखाना आहे. 1945 च्या ऑक्टोबरात तिथे संप झाला. संपातल्या बहुसंख्य कामगार काळ्या बायका. लुसिल सिमन्स नावाची कामगार बाई संपाच्या जागी दिवस संपताना एक जुनं चर्चगीत अगदी संथ लयीत गात असे. टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूल या कामगार-शिक्षण केंद्रात झिल्फिया हॉर्टन यांनी ते तिच्या सोबतिणींकडून उचललं. त्यांच्याकडून पीट सीगर, पुढे गाय कॅरवन. एप्रिल 1960 मध्ये रॅलीच्या शॉ विद्यापीठात विद्यार्थ्यांची संघटना स्थापन झाली, तिथे कॅरवन यांनी ते शिकवलं आणि ते चळवळीचं झालं.

मधलं एक कडवं कुठून आलं तेही ऐकण्यासारखं आहे. 1959 च्या जुलैत पोलिसांनी रात्री हायलँडरवर धाड घातली आणि दिवे बंद केले. अंधारात मॉन्टगोमेरीहून आलेल्या जमिला जोन्स या चौदा वर्षांच्या मुलीने, आपल्याला भीती वाटत नाही, या अर्थाचं कडवं तिथल्या तिथे जोडलं. आज आपण ते कडवं शांतपणे म्हणतो. ते बंदुका घेतलेल्या माणसांसमोर, अंधारात, मुलीच्या तोंडून आलेलं आहे.

या गाण्यात कामगारांनी 'मी'च्या जागी 'आम्ही' आणलं. एकजुटीची खूण म्हणून त्याचं कौतुक होतं. बर्निस रेगन यांचं म्हणणं वेगळं होतं. काळ्या लोकांच्या गाण्यात 'मी' म्हणणारा प्रत्येक जण आपण स्वतः येणार याची हमी देतो. 'आम्ही' म्हटलं की नेमकं कोण येणार ते कळत नाही. मला हे निरीक्षण फार खोल वाटतं. वारकरी अभंगातही 'मी' असाच हजारोंच्या तोंडी असतो, आणि तो एकट्याचा राहत नाही.

याच गाण्याला कागदही चिकटला. 1960 च्या दशकात त्याचे हक्क काही नावांवर नोंदले गेले. मिळणारं मानधन दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या सांस्कृतिक कामासाठी जाईल अशी सोय त्यांनी केली होती, तरी मालकी ही मालकीच. 2016 मध्ये त्यावर खटला झाला आणि जानेवारी 2018 मध्ये तडजोड होऊन गाणं सर्वांसाठी मोकळं झालं. लुसिल सिमन्सचं नाव हक्कांच्या यादीत नव्हतं.

चळवळीची गाणी आणि चळवळीवरची गाणी, हा फरकही करावा. 15 सप्टेंबर 1963 रोजी बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या. नीना सिमोन यांनी संतापून 'मिसिसिपी गॉडॅम' लिहिलं. जॉन कोल्ट्रेन यांनी दोन महिन्यांनी 'अलाबामा' ही शब्दाविना रचना मुद्रित केली. या थोर कलाकृती आहेत. पण त्या मंचावरून येतात आणि आपण त्या ऐकतो. सभेतलं गाणं ऐकण्यासाठी नव्हतंच. मोझेस मून या ध्वनिमुद्रकाने 1963–64 मध्ये दक्षिणेतल्या सभा टेपवर घेतल्या. त्या स्मिथसोनियन संस्थेत आहेत. त्यांत गाणं, प्रार्थना आणि भाषण असं सगळं सलग आहे. ज्याला अभ्यास करायचा आहे त्याने सुबक तबकड्यांआधी अशा मुद्रणांकडे जावं.

विरोधकांच्या दप्तराकडे पाठ फिरवून मात्र चालत नाही. मिसिसिपीने 1956 मध्ये 'सार्वभौमत्व आयोग' नेमून सरकारी पैशाने आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवली. न्यायालयाच्या आदेशाने 1998 मध्ये ती दप्तरं खुली झाली. एक लाखाहून जास्त पानं. कोण कोणाला भेटलं, कोणाच्या दारात कोणत्या नंबरची गाडी होती. ज्यांना चिरडायचं त्यांचीच इतकी बारीक नोंद त्यांनी ठेवली, की आज इतिहासकाराला चळवळीचे कार्यकर्ते तिथे भेटतात.

आणि एक पत्र आपल्या घरचं आहे. 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांपुढे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं, आणि भारतातल्या अस्पृश्यांनीही तसं करावं असा विचार होता, म्हणून त्यांनी त्याच्या प्रती मागितल्या. डुबॉइस यांचं सहानुभूतीचं उत्तर 31 जुलै 1946 चं आहे. ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जपलेली आहेत आणि कोणालाही पाहता येतात.

शेवटी पुन्हा हेमरबाईंकडे. 9 जून 1963 रोजी मतदार प्रशिक्षणाहून परतताना त्यांना विनोना गावात अटक झाली. पोलिसांच्या हुकमाने दोन काळ्या कैद्यांनी त्यांना जड पट्ट्याने इतकं मारलं की ती दुखणी जन्मभर राहिली. कोठडीत त्या गायल्या. त्या डिसेंबरात पोलिसांवर खटला चालला आणि गोऱ्यांच्या ज्यूरीने सगळ्यांना निर्दोष सोडलं. न्यायालयाचा कागद तिथे संपतो. 22 ऑगस्ट 1964 रोजी अटलांटिक सिटीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे, हेमरबाईंनी इंडियनोलाची बस आणि विनोनाची कोठडी दोन्ही सांगितल्या. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावली आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिकडे वळले. वाहिन्यांनी ती साक्ष संध्याकाळी दाखवली आणि देशाने ऐकली. त्या वर्षी मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या काळ्या नागरिकांपैकी 6.7 टक्क्यांचीच नोंदणी होती. 1965 च्या मतदान हक्क कायद्यानंतर, 1967 पर्यंत ती 59.8 टक्क्यांवर गेली.

त्या साक्षीचा मजकूर आणि ध्वनिमुद्रण दोन्ही उपलब्ध आहेत. जेमतेम आठ-दहा मिनिटांचं काम आहे. आधी मजकूर वाचा, तारखा आणि गावांची नावं टिपून घ्या, मग डोळे मिटून तो आवाज ऐका.